‘बाबा, इथे तरी...’

ताई,
मी बाणेरला राहते. नवरा आणि मी दोघंही आयटीत, आईबाबा सिंहगड रोडला. बाबा ऑडिट खात्यातून निवृत्त झाले, वय ६८. जानेवारीत मला प्रमोशन मिळालं म्हणून आम्ही दोघांना आमच्या इकडच्या एका महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये नेलं. मंद दिवे, टेबलावर मेणबत्ती, हळू आवाजात गाणी. बाबांनी मेनू कार्ड उघडलं, मिटलं आणि ‘तूच सांग काहीतरी’ म्हणाले. मी त्यांच्यासाठी लसूण आणि ऑलिव्ह ऑइलमधली स्पॅगेटी सांगितली. ती आली. पहिला घास घेतल्यावर बाबांनी वेटरला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘अहो, शेवया शिजायच्या राहिल्यात. जरा परत टाकून आणा. आणि एक हिरवी मिरची द्या.’ शेजारच्या टेबलावर माझ्या ऑफिसातली मंडळी बसली होती. मी दातओठ खात म्हणाले, ‘बाबा प्लीज, इथे तरी.’ बाबांनी काटा खाली ठेवला. ‘भूक नाही’ म्हणाले आणि नंतर काही खाल्लं नाही. शेवटी बिल आलं तेव्हा मात्र मोबाईलचा टॉर्च लावून त्यांनी ते ओळ न् ओळ वाचलं, तेही मोठ्याने.

तेव्हापासून ते आमच्याबरोबर बाहेर जेवायला येत नाहीत. ‘तुम्ही जा, मी वरणभात लावतो.’ पुढच्या महिन्यात आईची साठी आहे. कुठे जायचं विचारलं, तर ती म्हणते तिथेच. तिला तिथलं तिरामिसू, ते कॉफीचं गोड, फार आवडलं होतं. (दोघंही शाकाहारी, आई अंडंही खात नाही.) नाशिकहून सासू-सासरे येणार आहेत. सासरे वाइनचे शौकीन, अशा ठिकाणी अगदी सराईत. बाबांना कसं न्यायचं? की घरीच आचारी बोलवावा? आणि खरं सांगा, मी चुकले का?
– अ., बाणेर

प्रिय अ.,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, चुकलीस. पण चारचौघांत बोललीस, सूर चढला, हे घराघरांत होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर विरून जातं. विरलं नाही ते ‘इथे तरी’. त्या दोन शब्दांत बाबांनी काय ऐकलं असेल, विचार कर. की घरात, लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी लेकीला खटकतोच, ती आजवर चालवून घेत आली आहे, आणि आता तिच्या माणसांसमोर तेवढं सांभाळा अशी गयावया करतेय. ज्या माणसाने सगळी नोकरी ऑडिटमध्ये काढली, त्याला एका नोंदीवरून मागची सगळी वही तपासायची सवय असते. त्यांनी तेच केलं असणार, गाडीत मागच्या सीटवर बसून.

आता तो टॉर्च. ते वाक्य मी तीनदा वाचलं. तुला त्यात चिकटपणा दिसला, मला डोळे दिसले. बिल वाचायला ज्यांना टॉर्च लागला, त्यांनी सुरुवातीला कार्ड कसं वाचलं असेल? वाचलंच नाही गं. उघडलं, मिटलं आणि तुझ्यावर सोपवलं, हे तूच लिहिलंयस. अशा ठिकाणची कार्डं म्हणजे गुळगुळीत कागदावर मुंगीएवढी अक्षरं, पदार्थांची नावं इटालियनमध्ये, खाली इंग्रजीत आणखी बारीक टाइपात त्यांचं वर्णन, आणि उजेड एका मेणबत्तीचा. पंचेचाळिशीत मलाही हात लांब करून वाचावं लागायचं. ‘मला दिसत नाहीये’ असं लेकीच्या प्रमोशनच्या जेवणाला कुठला बाप म्हणेल? त्या संध्याकाळी त्यांच्या हातात आलेला, त्यांना उलगडलेला पहिला कागद म्हणजे ते बिल. आकडे, बेरीज, टक्के. आपल्या प्रांतात आल्यावर माणूस जरा मोठ्याने बोलतोच.

आणि शेवया कच्च्या होत्या का? बाबांच्या हिशेबाने होत्याच. आपण भात झाला की नाही ते शीत दाबून बघतो. मध्ये टणक लागलं तर ‘कणी राहिली’ म्हणतो आणि झाकण ठेवून आणखी वाफ देतो. इटालियन लोक पास्त्यात मुद्दाम कणी राखतात. सुका पास्ता ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्याचा असतो, तो ‘अल देन्ते’, म्हणजे दाताला लागेल इतपतच उकडायचा असा त्यांचा शिरस्ता. चांगल्या शिजलेल्या स्पॅगेटीची एक काडी तोडून बघितलीस तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका दिसतो. त्यांच्या लेखी तो ठिपका म्हणजे स्वयंपाक जमल्याची खूण, आपल्या लेखी तो गॅस लवकर बंद केल्याचा पुरावा. बाबांची जीभ बरोबर सांगत होती, फक्त तिथला नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता. शिवाय ‘जरा मऊ करून द्या’ म्हणणं हा काही गुन्हा नाही. सॉसमध्ये थोडं पाणी घालून दोन मिनिटं परतलं की काम होतं, आणि कुठल्याही बऱ्या रेस्टॉरंटचा वेटर ते तोंड वाकडं न करता करून आणतो. त्या दिवशीच्या वेटरने केलं का, ते तू लिहिलेलं नाहीस. बहुधा तुझं लक्ष शेजारच्या टेबलाकडे होतं.

मला वाटतं, खरी गडबड स्पॅगेटी यायच्या आधीच झाली होती. तू त्या दिवशी यजमान होतीस. आपल्याकडे पंगत बसायची तेव्हा कुणाच्या पानात काय पडणार हे यजमानाला पान मांडायच्या आधी ठाऊक असायचं. कुणाची चतुर्थी आहे, कुणाला साखर चालत नाही, कुठल्या आजोबांना पोळीचे पदर सोडवून मऊ भाग द्यायचा, कुठली आत्या लसणाच्या वासाने उठून जाते. पाहुण्याने निवडायचं काहीच नसे. त्याने बसायचं, आणि यजमानाने तुपाची वाटी घेऊन फिरायचं. तुझे बाबा टिळक रोडवरच्या बादशाही खानावळीत जेवलेले असतील तर तिथेही त्यांना हेच माहीत, बसलं की वाढलं जातं. तू पैसे भरलेस, जागा छान निवडलीस, पण वडिलांच्या हाती परक्या भाषेतलं कार्ड दिलंस आणि त्यांनी मान टाकल्यावर घाईने जे सुचलं ते सांगून मोकळी झालीस.

त्यातही सांगितलंस काय, तर तेल-लसूण स्पॅगेटी! इटलीत जेवणाला क्रम असतो. आधी तोंडाला चव आणणारे अंतिपास्ती, मग ‘प्रिमी’ म्हणजे पास्ता किंवा रिसोट्टो नावाचा भात, मग मांस-मासळीचे ‘सेकोंदी’, आणि शेवटी गोड. पास्ता हा त्यांचा पहिला भात आहे. मुदीएवढा घ्यायचा आणि पुढे सरकायचं. आपण पुण्यात त्याच्यावरच अख्खं जेवण उरकतो, ते चालतंच, पण मग निदान भाजी, चीज, टोमॅटो असं काहीतरी त्यात हवं. तुझ्या बाबांची अवस्था, पहिला भात वाढून यजमान उठून गेल्यासारखी झाली. मिरची मागतील नाही तर काय करतील?

मिरचीचंही सांगून टाकते, कारण तुला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटलेली दिसते. इटलीच्या दक्षिणेला कालाब्रिया नावाचा प्रांत आहे, तिथली माणसं मिरचीवर जीव टाकतात. ‘अराब्बियाता’ सॉसच्या नावाचा अर्थच ‘चिडलेला’. मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातून आले, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही, कोलंबसानंतर. तेव्हा या बाबतीत कुणी कुणाला शिष्टपणा शिकवू नये. आणि पुण्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात, मग दर्शनी भिंतीवर व्हेनिस रंगवलेलं का असेना, मागच्या बाजूला स्टाफच्या जेवणासाठी हिरवी मिरची असतेच.

तर मग न्यायचं का? न्यायचं. आचारी वगैरे विसर. साठ वर्षांच्या बाईला ‘कुठे जायचं’ विचारल्यावर तिने ‘तुम्ही ठरवाल तिथे’ न म्हणता जागेचं नाव घेतलं, हे आपल्या घरांत किती वेळा घडतं? आचारी बोलावलास की ती दहा वेळा आत जाऊन गॅस बारीक करणार, आचाऱ्याला डबे काढून देणार आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणार. वाढदिवस तिचा आहे. तुझं नि बाबांचं जे काही आहे ते तुम्ही त्याआधी निस्तरा.

निस्तरायचं कसं, तर फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. रविवारी सकाळी एकटी सिंहगड रोडला जा. नवऱ्याला नेऊ नकोस, बाबा जावयासमोर मोकळे होणार नाहीत. आई आंघोळीला गेली की एवढंच म्हण: ‘बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला गप्प केलं, ते चुकलं.’ पुढे ‘पण’ जोडायचा नाही. ऑफिसचे लोक होते, मी दमले होते, तुम्हीही जरा हळू बोलला असतात, यातलं एक अक्षर नाही. ते ‘कसलं काय, मी विसरलोसुद्धा’ म्हणतील आणि पेपर उघडतील. उघडू दे. तू बसून राहा, चहा कर. आणि मग विचार, ‘बुधवारी दुपारी मोकळे आहात का?’

बुधवारी त्यांना त्याच रेस्टॉरंटमध्ये ने. फक्त दोघं. कामाच्या दिवशी दुपारी बाणेर-बालेवाडीकडची ही ठिकाणं निम्मी रिकामी असतात, खिडकीतून लख्ख उजेड येतो, गाण्यांचा आवाजही कमी असतो. काही ठिकाणी दुपारचं वेगळं, स्वस्त कार्डही असतं. अर्धा दिवस रजा टाक, तेवढी त्यांची किंमत आहे. बाबांना चष्मा लावून कार्ड निवांत वाचू दे, अडेल तिथे सांग. पेस्टो म्हणजे शब्दशः ‘कुटलेलं’, खलबत्त्यातली चटणीच ती, आणि त्यातलं बेसिल म्हणजे आपण फालुद्यात घालतो त्या सब्जाचं झाड. एवढं सांगितलंस तरी त्यांचा चेहरा बदलेल. माझ्या ओळखीच्या निवृत्त माणसांना जेवणापेक्षा माहिती जास्त आवडते, पुण्यातल्यांना तर विचारूच नकोस.

त्यांच्यासाठी काय मागवायचं? स्पॅगेटी अजिबात नाही. तिच्या दोन-चार काड्याच काट्यावर घेऊन बशीच्या कडेला गुंडाळायच्या असतात, सगळी कला त्यात, आणि ती शिकायला अडुसष्टावं वर्ष हे काही वय नव्हे. पेन्ने सांग, नळ्यांसारखा असतो, चमच्यानेही खाता येतो, अराब्बियाता सॉसमध्ये. ‘पास्ता नीट मऊ शिजवा’ हे ऑर्डर देतानाच सांगून टाक, म्हणजे परत पाठवायची वेळ येत नाही. किंवा न्योक्की, बटाट्याच्या उकडीचे लहान गोळे, ते मुळातच मऊ असतात. पण माझी पैज रिसोट्टोवर आहे. आर्बोरियो नावाचा आखूड, जाड तांदूळ, त्यात गरम पाणी किंवा स्टॉक (भाज्या किंवा मांस उकळून काढलेलं पाणी) पळीपळीने घालत ढवळत राहायचं, की तांदळातला स्टार्च सुटून भात आपोआप सायीसारखा होतो, शेवटी लोणी आणि चीज. आपल्या गुरगुट्या भाताचा सधन मावसभाऊ म्हण. फक्त त्यातही ते लोक कणी राखतात, तेव्हा मऊचा निरोप इथेही द्यायचा.

आता आईचं. आणि इथे मी जरा अडखळले. आई अंडं खात नाही, आणि तिला तिरामिसू फार आवडलं. तू हे दोन्ही दोन ओळींत लिहिलंस आणि पुढे गेलीस!

मूळ कृतीत तिरामिसूच्या क्रीममध्ये मास्कारपोने चीज आणि कच्च्या अंड्याचा बलक फेटलेला असतो. आपल्याकडे बरीच ठिकाणं अंड्याऐवजी नुसतं क्रीम फेटून ‘एगलेस’ करतात, ते ठीक. पण खाली कॉफीत बुडवलेली जी बिस्किटं असतात, सव्होयार्दी, ती अंड्यावरच फुगवलेली असतात. वर एगलेस आणि खाली अंडं, असा प्रकार होऊ शकतो. शिवाय बरेच जण कॉफीत रम किंवा मार्साला वाइन घालतात. तुमच्या ठिकाणी नेमकं काय करतात ते तिथला स्वयंपाकीच सांगेल.

समजा, उत्तर ‘अंडं होतं’ असं आलं, तर आईला सांगायचं का? यावर मी माझंच पाप सांगते. माझ्या सासूबाई कडक शाकाहारी. त्यांना मी एकदा अशाच एका ठिकाणी पन्ना कोटा खायला घातला. दुधाचं, पांढरंशुभ्र, थरथरणारं, वर स्ट्रॉबेरीचा रस. वेटरला विचारलं होतं, ‘व्हेज आहे ना?’ तो म्हणाला होता, ‘हो मॅडम, फक्त दूध आणि साखर.’ सासूबाईंनी चमच्याने हलवून बघितलं, ‘खरवसासारखं दिसतंय गं’ म्हणाल्या आणि वाटी पुसून खाल्ली. निघताना मी कौतुक करायला म्हणून आत डोकावले, तर स्वयंपाक्याने सहज सांगितलं की घट्टपणा जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. रिक्षात माझ्या तोंडून शब्द फुटेना. दोन दिवस गप्प राहिले, तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना सांगितलं. त्यांनी मेथीची काडी मोडली, बाजूला टाकली आणि म्हणाल्या, ‘आता काय पोटातून काढू? पण पुढच्या वेळी नीट विचार. त्या पोराला नको, जो करतो त्याला विचार.’ आणि संध्याकाळी देवापुढे जरा जास्त वेळ बसल्या. मला वाटतं, त्यांनी माझ्यापेक्षा बरं निभावलं. तेव्हा तूही सांग. ज्याचं व्रत त्याला ते मोडल्याचं कळायला हवं, तो पुढचा हिशेब आपला आपण करतो.

म्हणून फोन. दुपारी चार-साडेचारच्या सुमाराला कर, तेव्हा दुपारची गर्दी संपलेली असते आणि रात्रीची तयारी चालू असते, मॅनेजरकडे पाच मिनिटं असतात. ‘व्हेज आहे का’ असा प्रश्न विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर सवयीने ‘हो’ येतं. वस्तूचं नाव घेऊन विचार. ताज्या, हाताने केलेल्या पास्त्यात अंडं असतं का? फेट्टुचिने, रॅव्हिओली, लझान्याचे थर यांत पारंपरिक कृतीत असतंच, सुक्या पास्त्यात बहुधा नसतं. सूप आणि रिसोट्टोचा स्टॉक भाज्यांचा की कोंबडीचा? किसून घालतात ते चीज कुठलं? अस्सल पार्मिज्यानो रेज्यानो करायला वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, वापरावंच लागतं, तसा तिथला नियम आहे. शाकाहारी रेनेटवरचं तशाच चवीचं चीज आपल्याकडे मिळतं आणि अनेक जण तेच वापरतात, पण विचारलेलं बरं. सीझर सॅलड घेणार असाल तर त्याच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाची खारवलेली मासळी असू शकते. (आणि ते सॅलड इटलीचं नाहीच, मेक्सिकोतल्या तिहुआना गावात १९२४ च्या सुमाराला एका इटालियन हॉटेलवाल्याने केलेलं. सासऱ्यांनी फार ज्ञान पाजळलं तर हे बाबांना आधीच सांगून ठेव.) आणि पन्ना कोटा कशाने घट्ट करतात तेही. अगार-अगार म्हणाले तर ते समुद्री शेवाळाचं, चालेल. याच फोनवर टेबल मागून घे, स्पीकरपासून लांब, ज्याच्यावर थेट दिवा पडतो असं.

त्या रात्री सहा माणसांनी सहा ताटल्या मागवू नका. मधोमध ठेवून वाटून घ्या. ब्रुस्केट्टा (भाजलेल्या पावावर टोमॅटो) आणि एखादं सूप, मग दोन पिझ्झे, मग दोन पास्ते आणि एक रिसोट्टो, पुष्कळ होतं. पिझ्झा आला की गप्पा थांबवायच्या. भट्टीतला पातळ पिझ्झा दहा मिनिटांत ओला पापड होतो. सुरुवातीला टोपलीतून पाव येतो तो पाहुणचार असतो की बिलात लागतो, तेवढं विचारून घे. सासऱ्यांना वाइन निवडायला दे, ते खूश. बाबांना त्यांच्या समोर नको, आईच्या शेजारी बसव. सासऱ्यांबद्दल एवढंच पुरे, शौकीन माणूस कुणाचं वाईट करत नाही.

बिलाचं मात्र तू जे ठरवून बसली असशील, की आधीच काउंटरवर क्रेडिट कार्ड देऊन ठेवायचं म्हणजे बाबांना दिसायलाच नको, ते करू नकोस. आदल्या दिवशी सांग की ‘हे माझ्याकडून, आणि साधारण इतके होतील.’ खरा आकडा सांग. आणि बिल आलं की त्यांच्या हातात दे. ‘बाबा, जरा बघता का?’ अख्ख्या टेबलावर हे काम त्यांच्याइतकं कुणाला जमणार आहे? बघण्यासारखं असतंही. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा नि अडीच राज्याचा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के होतो. वाइनवर जीएसटी नाही, व्हॅट, तो वेगळा दाखवलेला हवा. आणि ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून परस्पर रक्कम लावलेली असेल तर ती काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की तो बिलात आपोआप लावायचा नाही, वेगळ्या नावानेही नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. ऐकलं नाहीच तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. वेटरने चांगलं केलं असेल तर टिप रोख, त्याच्या हातात, आणि तीही बाबांना द्यायला सांग.

हे सगळं टॉर्च लावूनच वाचतील ते. तूच लावून धर.

शनिवारी रात्री तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा आईबाबांना आधी दारात उतरव. कार्ड आलं की तू घेऊ नकोस, बाबांकडे सरकव. बुधवारी एकदा वाचून झालेलं असेल, आईला काय आवडेल ते तेच सांगतील, कदाचित सब्जाची गोष्टही सांगतील. आणि मिरचीचं त्यांना मागायला लावू नकोस. फोनवरच सांगून ठेव, दोन हिरव्या मिरच्या, मधोमध चीर देऊन, मीठ लावून, छोट्या बशीत.